अपडेट बसल्यावर संगणक आपोआप बंद व्हावा : तीन फसलेल्या रात्री आणि एक आज्ञा

निशाचर | मंगळवार, रात्री ९:४०

माझ्याकडे एक जुना डेस्कटॉप असून त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. दिवसभर त्यावर भाषांतराचे काम चालते, त्यामुळे अपडेट रात्री, काम आटोपल्यावरच करावे लागतात. आमच्याकडचे इंटरनेट रात्री कधी सुसाट असते, तर कधी गोगलगायीच्या चालीने चालते. ४०० एमबी उतरायला दहा मिनिटे लागतील की दीड तास, हे आधी सांगता येत नाही. तोवर जागत बसायचे नाही आणि यंत्र पहाटेपर्यंत घरघरत ठेवायचेही नाही, म्हणून अपडेट बसले की संगणकाने स्वतःहून बंद व्हावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. इतक्या साध्या गोष्टीने मला तीन रात्री कशा चकवले ते सांगतो. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या असतात.)

पहिल्या रात्री एका खिडकीत अपग्रेड सुरू केले आणि दुसऱ्या खिडकीत 'सुडो शटडाउन +६०' (सुडो म्हणजे पुढची आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालव, +६० म्हणजे साठ मिनिटांनी) देऊन झोपलो. संगणक तासाभराने अगदी वेळेवर बंद झाला, परंतु तेव्हा डाउनलोड ७० टक्क्यांच्या आसपास होते आणि एकही पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बसलेले नव्हते. उतरलेला भाग वाया गेला नाही, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

दुसऱ्या रात्री घड्याळाचा नाद सोडला आणि 'सुडो ॲप्ट अपडेट && सुडो ॲप्ट अपग्रेड -वाय && सुडो पॉवरऑफ' अशी साखळी दिली (ॲप्ट हे पॅकेजे उतरवून बसवणारे साधन, '-वाय' म्हणजे त्याच्या प्रश्नाला आधीच 'हो'). सकाळी पाहतो तर पंखा चालूच होता, सगळी पॅकेजे व्यवस्थित बसलेली होती आणि शेवटच्या ओळीत सुडो माझ्या नावापुढे अपूर्णविराम देऊन पासवर्डची वाट पाहत होते. बहुधा पाच-सहा तास ते तसेच ताटकळत उभे असावे.

तिसऱ्या रात्री त्यावरही मार्ग काढला, म्हणजे 'सुडो -आय' करून थेट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून आज्ञा दिली. या वेळी सकाळी पडद्यावर जांभळ्या पार्श्वभूमीवर एक करडा चौकोन उघडलेला होता आणि त्यात विचारले होते की एसएसएच सर्व्हरच्या (दुरून येणारी जोडणी स्वीकारणाऱ्या सेवेच्या) संरूपण (कॉन्फिगरेशन) फाइलमध्ये तुम्ही स्वतः बदल केलेले आहेत, तेव्हा नवी फाइल घ्यायची की जुनीच ठेवायची. मी '-वाय' दिलेले असताना हा प्रश्न आलाच कसा? आणि मुळात, 'नंतर बंद हो' हे सांगण्याची खात्रीची रीत कोणती?

तारयंत्र | मंगळवार, रात्री १०:२५

तिन्ही रात्रींचे निदान सोपे आहे. पहिल्या रात्री आपण बंद होणे घड्याळाला बांधले होते. ते काम संपण्याला बांधायला हवे, हे आपण दुसऱ्या रात्री ओळखलेच.

दुसऱ्या रात्रीचा घोटाळा सुडोच्या स्मरणशक्तीमुळे झाला. एकदा पासवर्ड दिला की उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या वितरणांवर सुडो तो १५ मिनिटे ग्राह्य धरते. ही मुदत प्रत्येक सुडोच्या आरंभाला नव्याने मोजली जाते, आज्ञा संपल्यावर नव्हे. आपले अपग्रेड १५ मिनिटांहून अधिक चालले, म्हणून तिसऱ्या सुडोला तोपर्यंत सगळे विसरायला झाले होते. शिवाय या दोन्ही वितरणांत पासवर्डच्या प्रश्नाला कालमर्यादा नसते, त्यामुळे ते कंटाळून सोडूनही देत नाही. यावर उपाय असा की सुडो एकदाच, सगळ्यांत बाहेर लावायचे आणि संपूर्ण साखळी त्याच्या पोटात घालायची :

सुडो एसएच -सी 'ॲप्ट अपडेट && ॲप्ट -वाय अपग्रेड && शटडाउन +५'

'पॉवरऑफ'ऐवजी 'शटडाउन +५' मुद्दाम लिहिले आहे. आपण अजून जागे असाल आणि काही जतन करायचे राहिले असेल, तर त्या पाच मिनिटांत 'सुडो शटडाउन -सी' देऊन बंद होणे थांबवता येते.

तिसऱ्या रात्रीबाबत सांगायचे, तर '-वाय' हे फक्त ॲप्टच्या प्रश्नाला उत्तर देते, म्हणजे 'इतकी पॅकेजे बसवू का?' एवढ्यालाच. फाइल जुनी ठेवायची की नवी, हे विचारणारा ॲप्ट नसतो. तो त्याच्या खालच्या थरातला असतो. कधी डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष उलगडून बसवणारे साधन) स्वतः साध्या अक्षरांत वाय, एन, डी, झेड असे पर्याय देऊन विचारतो, तर कधी पॅकेजची बसवणूक करणारी स्क्रिप्ट डेबकॉन्फ या प्रश्न विचारणाऱ्या साधनाकरवी तो जांभळा पडदा आणते. २२.०४ मध्ये आणखी एक जांभळा पडदा आहे, तो 'नीडरीस्टार्ट'चा; कोणकोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या हे तो विचारतो. या तिघांनाही आधीच उत्तर देऊन ठेवावे लागते. डेबकॉन्फ आणि नीडरीस्टार्ट यांच्यासाठी ॲप्टच्या आधी 'डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह' लिहावे (बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचे सगळे मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, उजवीकडचे लहान) आणि डीपीकेजीसाठी '-ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::=--फोर्स-कॉन्फओल्ड' जोडावे. म्हणजे आपण बदललेल्या फाइली जशाच्या तशा राहतात आणि पॅकेजमधली नवी फाइल शेजारी डीपीकेजी-डिस्ट या शेपटीने ठेवली जाते. सवडीने दोन्ही ताडून पाहता येतात. 'डेबियन_फ्रंटएंड' हे चल (व्हेरिएबल) सुडोच्या आधी लिहू नका, कारण सुडो आपल्या परिसरातली बहुतेक चले आत शिरू देत नाही. ते अवतरणचिन्हांच्या आतच, ॲप्टला चिकटून हवे.

खिडकीवाला | मंगळवार, रात्री ११:०५

धागा लिनक्सचा आहे हे मान्य आहे, पण हाच प्रश्न विंडोजवाल्यांनाही सतावतो, म्हणून थोडे लिहितो. तिथे वरवर पाहता सगळे सोपे आहे, कारण पॉवरच्या यादीतच 'अपडेट अँड शट डाउन' असा पर्याय मिळतो. मात्र हा पर्याय अपडेट उतरून तयार झाल्यावरच दिसतो. म्हणजे आपल्यासारखी डाउनलोडची अनिश्चितता असेल, तर निम्मी रात्र तो पर्याय उगवण्याची वाट पाहण्यात जाते.

दुसरी गोष्ट अशी की विंडोजचे मासिक अपडेट दोन टप्प्यांत बसते : काही भाग चालू यंत्रावर आणि काही भाग यंत्र एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होताना. त्यामुळे 'अपडेट अँड शट डाउन' म्हटले तरी यंत्र मध्ये एकदा पुन्हा चालू होते, उरलेले काम करते आणि मग बंद होणे अपेक्षित असते. पुष्कळांच्या बाबतीत ते या शेवटच्या पायरीपर्यंत पोचतच नसे. लॉगिनच्या पडद्यावर येऊन थांबत असे. हा लोकांचा भ्रम नव्हता. मायक्रोसॉफ्टने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज ११ साठी दिलेल्या केबी५०६७०३६ या ऐच्छिक अपडेटच्या टिपणात, 'अपडेट अँड शट डाउन' दिल्यावरही यंत्र प्रत्यक्षात बंद न होण्याचा दोष दूर केल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा विंडोज ११ वापरणाऱ्यांनी त्यानंतरची अपडेट बसलेली आहेत ना, हे आधी पाहावे. लॅपटॉप असेल तर पडदा काळा झाला म्हणून लगेच झाकण लावून पिशवीत टाकू नये. दिवा विझलेला डोळ्यांनी पाहावा आणि मगच उचलावा.

मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला प्रसिद्ध होतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून मंगळवारी झोपताना 'काही नवीन नाही' दिसले, तरी बुधवारी रात्री पुन्हा पाहावे.

मिणमिणता दिवा | बुधवार, सकाळी ८:१५

तारयंत्र यांच्या आज्ञेतील दोन अँपरसँडबद्दल माझे मत वेगळे आहे. && म्हणजे 'आधीचे यशस्वी झाले तरच पुढचे कर'. समजा, मधेच काहीतरी बिनसले, तर संगणक रात्रभर चालूच राहणार. आमच्या भागात पहाटे वीज जाण्याचा नेम नाही. यूपीएस जेमतेम दहा मिनिटे तग धरतो आणि मग यंत्र दणक्यात बंद पडते. त्यापेक्षा && च्या जागी अर्धविराम टाकावा, म्हणजे अपडेट बसो वा न बसो, संगणक रीतसर बंद तरी होईल. काय चुकले ते सकाळी नोंदवहीत पाहता येते. /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरी आणि टर्म अशा दोन्ही लॉग असतातच.

तारयंत्र | बुधवार, सकाळी ९:५०

आपला मुद्दा विजेपुरता बरोबर आहे, परंतु अपयश दोन प्रकारचे असते आणि अर्धविराम दोघांना एकाच मापाने मोजतो. पॅकेजे उतरलीच नाहीत, तर काहीही बदललेले नसते. तेव्हा खुशाल बंद करावे. पण पॅकेजे उलगडून झाली, कर्नलही (प्रणालीचा गाभा) बदलला आणि बूटसाठी लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइल तयार होताना /बूट विभाजनात जागा संपली म्हणून डीपीकेजी अडखळला, तर ती अर्धवट स्थिती असते. अशा वेळी यंत्र बंद केले, तर सकाळी नव्या कर्नलवर ते उठेलच याची खात्री नसते. चालू असलेले यंत्र दुरुस्त करणे बंद पडलेल्यापेक्षा कितीतरी सोपे असते : 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्यायचे, जागा मोकळी करायची आणि पुन्हा चालवायचे. म्हणून मी बसवणुकीनंतरचे && सोडणार नाही. विजेची भीती असेल, तर यूपीएसची बॅटरी बदलणे हा स्वतंत्र उपाय आहे. (यूपीएस यूएसबीने जोडता येत असेल, तर वीज गेल्यावर यंत्राला रीतसर बंद करणारे 'नट' नावाचे साधनही आहे. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय झाला.)

आता माझ्याच आज्ञेतले एक छिद्र दाखवतो, जे आपल्या प्रतिसादामुळे आठवले. 'ॲप्ट अपडेट' पॅकेजांच्या याद्या (अनुक्रमणिका) ताज्या करते; इंटरनेट अजिबात नसताना ते काय करते? 'काही अनुक्रमणिका मिळाल्या नाहीत, त्या दुर्लक्षिल्या आहेत, जुन्याच वापरत आहोत' असा इशारा छापते आणि यशस्वी झाल्याचा शून्य हा संकेत परत देते. && ला तो इशारा वाचता येत नाही, त्याला फक्त शून्य दिसते. मग अपग्रेड जुन्या अनुक्रमणिका पाहून 'नवीन काही नाही' म्हणते, तेही शून्य, आणि पाच मिनिटांनी संगणक शांतपणे बंद होतो. सकाळी आपण समजतो की सगळे झाले! यासाठी 'ॲप्ट अपडेट --एरर-ऑन=एनी' असे लिहावे, म्हणजे एखादी जरी अनुक्रमणिका मिळाली नाही, तरी ती आज्ञा अपयशी ठरते. हा पर्याय २२.०४ मधल्या ॲप्टमध्ये उपलब्ध आहे.

संगणकगुरुजी | बुधवार, दुपारी १:३०

मी एका शाळेच्या संगणककक्षाचे पाहतो. वीस यंत्रे, सगळ्यांवर उबुंटू. साडेपाचला शाळा सुटते आणि सहाच्या सुमारास शिपाईमामा व्हरांड्यातला मेन स्विच खाली ओढतात. त्यांना वीस पडदे तपासत बसायला सांगणे शक्य नाही. म्हणून माझ्या बाबतीत 'आपोआप बंद' ही चैन नसून गरज आहे.

दोन गोष्टी अनुभवाने शिकलो. पहिली ही की, वीस यंत्रांनी तीच पॅकेजे वीसदा उतरवण्यात अर्थ नाही. एका यंत्रावर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवले आणि बाकीच्यांना त्याच्या ३१४२ क्रमांकाच्या पोर्टकडे वळवले. आता पॅकेज बाहेरून एकदाच येते आणि उरलेली एकोणीस यंत्रे ते कक्षातल्या कक्षात घेतात. दीड तासाचे काम वीस-पंचवीस मिनिटांवर आले आणि मेन स्विचच्या आत मावू लागले. ते साठवण करणारे यंत्र मात्र सर्वांत शेवटी बंद करावे लागते. एकदा मी ते पहिल्या फेरीतच बंद केले आणि एकोणीस यंत्रे रित्या हाताने उभी राहिली.

दुसरी गोष्ट एसएसएचने दुरून आज्ञा देणाऱ्यांसाठी आहे. आपल्या लॅपटॉपचे वायफाय तुटले की एसएसएच तुटते आणि त्याच्या सोबत चालू असलेले अपग्रेडही मध्येच मरू शकते. म्हणून आधी 'टीमक्स' उघडावे आणि त्यात आज्ञा द्यावी. मग जोडणी तुटली तरी काम चालू राहते.

एक शंका आहे. मी आजवर 'ॲप्ट-गेट अपग्रेड' वापरत आलो, कारण जुन्या पुस्तकांत तसेच दिलेले असते. पण काही यंत्रांवर नवे कर्नल कधी येतच नाहीत आणि 'मागे ठेवलेली पॅकेजे' अशी यादी तेवढी दिसते. हे कशामुळे?

तारयंत्र | बुधवार, दुपारी २:१०

गुरुजी, ती तुमच्या जुन्या पुस्तकाचीच करणी आहे. 'ॲप्ट-गेट अपग्रेड' फक्त आधीपासून असलेल्या पॅकेजांची आवृत्ती बदलते, नवे नाव असलेले पॅकेज बसवत नाही. आणि उबुंटूत प्रत्येक नवा कर्नल हा नव्या नावाचे पॅकेज म्हणून येतो, कारण त्याचा आवृत्तीक्रमांक नावातच असतो. 'ॲप्ट अपग्रेड'ला नवी पॅकेजे बसवण्याची मुभा असते. ॲप्ट-गेटच वापरायचे असेल, तर '--विथ-न्यू-पॅकेजेस' या अर्थाचा पर्याय, टंकताना 'विथ-न्यू-पीकेजीएस', जोडावा. मुद्दा धाग्याशी निगडित आहे, कारण बंद करून सकाळी चालू करण्याचा एक मोठा लाभ म्हणजे नवा कर्नल आपसूक लागू होतो. तो मागेच राहिला असेल, तर हा लाभ निघून जातो.

त्याच कारणास्तव एक सावधगिरी. नवा कर्नल एखाद्या यंत्राशी जुळला नाही, तर ते सकाळी, नेमके कामाच्या वेळी कळते. तशी वेळ आल्यास सुरू होताना ग्रब या बूट-साधनाच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून जुन्या कर्नलवर जाता येते, पण गुरुजींनी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हा प्रयोग करू नये.

निशाचर | बुधवार, सायंकाळी ६:४५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शोधताना मला 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' या आपोआप अपडेट बसवणाऱ्या सेवेच्या संरूपण फाइलमध्ये 'इन्स्टॉलऑनशटडाउन' असा एक पर्याय सापडला. म्हणजे रोज बंद करतानाच अपडेट बसतील असे दिसते. मग एवढी लांबलचक आज्ञा कशाला हवी?

तारयंत्र | बुधवार, सायंकाळी ७:२०

तो पर्याय नावावरून वाटतो तितका सरळ नाही. त्याच फाइलमधील टिपण वाचलेत, तर दिसेल की यंत्र बंद होताना लॉगाइन्डी या सेवेकडून त्याला मिळणारी सवड ३० सेकंदांची आहे आणि पूर्वी ती ३० मिनिटांची असे. ३० सेकंदांत दोन-चार लहान पॅकेजे बसतात, कर्नल बसत नाही. तो पर्याय वापरायचा असेल, तर 'इनहिबिटडिलेमॅक्ससेक' ही मर्यादा स्वतः वाढवावी असा सल्ला त्याच टिपणात दिला आहे. शिवाय मूळ मांडणीत तो मुख्यतः सुरक्षाविषयक अपडेट पाहतो, सगळी नव्हे. माझे मत विचाराल, तर जे काम झोपण्याआधी हाताने सुरू करायचे आहे, त्यासाठी हाताने दिलेली आज्ञाच बरी. निदान ती काय करते आहे हे ओळीत दिसते.

मात्र हीच अनअटेंडेड-अपग्रेड्स सेवा पार्श्वभूमीवर चालू असेल, तर डीपीकेजीचे कुलूप तिच्या हाती असते आणि तुमची आज्ञा 'कुलूप मिळाले नाही' म्हणून हात वर करते. त्यासाठी '-ओ डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=६००' जोडा, म्हणजे ती दहा मिनिटे दाराशी थांबेल. याची अक्षरे नीट पाहा : या पर्यायात डी आणि पी ही दोन अक्षरे मोठी आणि पुढची के, जी लहान लिहिण्याची पद्धत आहे.

मिणमिणता दिवा | बुधवार, रात्री ८:००

अर्धवट कर्नलचा मुद्दा पटला. अर्धविराम मागे घेतो. लॅपटॉपवाल्यांसाठी एक भर : आज्ञा देऊन झाकण लावले की यंत्र झोपी जाते आणि अपडेटही त्याच्यासोबत झोपते. सुडोच्या लगेच पुढे 'सिस्टमडी-इनहिबिट --व्हॉट=स्लीप:हँडल-लिड-स्विच' लावून मग उरलेली आज्ञा लिहिली, तर ते काम संपेपर्यंत झाकणाकडे दुर्लक्ष केले जाते. अर्थात, झाकण लावून गादीवर ठेवू नये. हवा खेळू द्यावी.

निशाचर | गुरुवार, सकाळी ७:३०

काल रात्री पुढील आज्ञा देऊन १२:४० ला झोपलो :

सुडो एसएच -सी 'ॲप्ट अपडेट --एरर-ऑन=एनी && डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह ॲप्ट -वाय -ओ डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=६०० -ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::=--फोर्स-कॉन्फओल्ड अपग्रेड && शटडाउन +५'

सकाळी टेबलाजवळ गेलो तेव्हा पंख्याचा आवाज नव्हता. चालू करून पहिल्यांदा हिस्टरी लॉग उघडली. तिच्या शेवटच्या नोंदीत समाप्तीची वेळ १:४७ आहे. मग 'लास्ट -एक्स' देऊन पाहिले. यंत्र बंद झाल्याची नोंद १:५२ ची आहे.

स्नॅप या वेगळ्या पद्धतीने बसवलेली ॲप्स यात येत नाहीत, हे आज लक्षात आले. ती आपली आपण दिवसातून काही वेळा ताजी होत असतात, त्यामुळे त्यांना तूर्त हात लावत नाही.